केवळ कारागिरी

मराठी समीक्षेत एखाद्या कवितासंग्रहाची बोळवण करावयाची असेल तर फार शब्द खर्चावे लागत नाहीत. ‘केवळ कारागिरी’ एवढे दोन शब्द पुरतात. त्यात शिवीगाळ नसते, आकस दिसत नाही, उलट लिहिणाऱ्याला कलेची काही उच्च जाण आहे असा समज मात्र होतो. हे दोन शब्द मी २०१२ साली एका संग्रहाच्या परीक्षणात लिहिले होते. परीक्षण एका छोट्या नियतकालिकात आले, शे-दोनशे लोकांनी वाचले असेल. संग्रह माझ्या मैत्रिणीचा होता.

ही मैत्री नागपूरच्या वसतिगृहातली. आम्ही दोघी एम. ए. मराठीला एका वर्गात आणि एका खोलीत होतो. ‘प्रिय जी. ए.’ हे सुनीताबाई देशपांडे यांचे पुस्तक २००३ साली आले तेव्हा आम्ही ते एकाच प्रतीवरून आळीपाळीने वाचले आणि त्या वयाला शोभेल अशा थाटात ठरवून टाकले की आपणही आयुष्यभर एकमेकींना अशीच लांब पत्रे लिहायची. मी नोकरीसाठी अहेरीला आले, ती वऱ्हाडात गेली, आणि काही वर्षे आम्ही खरोखरच लिहिली. अहेरीत त्या वेळी मोबाइलचा भरवसा नव्हता, त्यामुळे पत्र हा हौसेचा नव्हे तर गरजेचा भाग होता. आमच्या पत्रांत वाङ्मय कमी आणि भाड्याच्या खोल्या, प्राचार्यांचे स्वभाव, न मिळणारी वांगी हेच अधिक असे. (जी. एं.च्या पत्रांतही अशा क्षुल्लक गोष्टींना किती जागा आहे, हे आम्हांला पुढे कळले.) बल्लारपूरच्या कागद कारखान्याने कित्येक दशके ह्याच जिल्ह्यांतील जंगलांचा बांबू नेला. आम्ही ज्यावर लिहिले त्यातले काही ताव तरी अहेरीच्या आसपासच्या रानातून निघून बल्लारपूरमार्गे पुन्हा अहेरीत आले असतील, असे तेव्हा मनात आले नाही. आता येते.

परीक्षणानंतर पत्रे थांबली. भांडण झाले नाही. तिने एक ओळ लिहून पोच दिली, मी त्या ओळीला उत्तर दिले नाही, आणि मग दिवाळीच्या शुभेच्छाही हळूहळू बंद झाल्या. मी स्वतःची समजूत अशी घातली होती की मैत्री आणि समीक्षा ह्यांची गल्लत न करणे हा एक प्रकारचा प्रामाणिकपणा आहे. तो होताही. पण त्या शब्दप्रयोगाचा अर्थ काय, हे तो वापरणाऱ्या मला ठाऊक नव्हते, आणि आज लिहावयाचे आहे ते त्याबद्दल.

२०२० च्या मार्चअखेरीस सर्व बंद झाले. महाविद्यालय बंद, बाजार बंद, प्राणहितेच्या पलीकडे तेलंगणात ज्यांचे नातेवाईक होते त्यांची वाटही बंद. भामरागड, एटापल्लीकडची मुले गावी परतली. त्यांना मोबाइलवरून शिकवण्याचे आदेश होते, आणि त्यांच्यापैकी निम्म्यांच्या गावी संपर्कच नव्हता. मी रोज अकरा वाजता साडी नेसून मोबाइलसमोर बसत असे व चार-पाच मुलांना मर्ढेकरांचा लयविचार समजावत असे. चौथ्या दिवशी एकच मुलगी उरली. तिने विचारले, ‘मॅडम, आज शिकवलंच पाहिजे काय?’ मी म्हटले, नाही.

आमच्या घराशेजारी एक बुरूड कुटुंब राहते. घरात तेलुगू बोलतात, माझ्याशी मराठीत. काकू साठीच्या आहेत. बाजार बंद असला तरी मोहाची फुले काही टाळेबंदीसाठी थांबत नाहीत. ती मार्च-एप्रिलमध्ये पडतात आणि वेचायला टोपली लागतेच. तेव्हा काकूंच्या अंगणात साठवलेला ओला बांबू होता तोवर त्यांचे काम चालू होते. मी आधी नुसती कुंपणाजवळ उभी राहून पाहत असे. मग आत जाऊन बसू लागले. आठवडाभराने त्यांनी माझ्या हातात कामट्या दिल्या, बहुधा माझ्या बोलण्याला कंटाळून.

हे काम पाहायला सोपे दिसते. बांबू कोयत्याने उभा फोडायचा, फोडींच्या आणखी फोडी करायच्या, मग सुरीने वरची हिरवी साल आणि आतला मऊ भाग वेगळे काढायचे. टिकणारी कामटी सालीची. आतल्या भागाची कामटी हलक्या कामाला जाते. सुरी पेराच्या गाठीपाशी अडते, आणि तिथे नवशिक्याचा हात हमखास कापला जातो. माझा दोनदा कापला. मग कामट्या एकमेकींवर टाकून बूड धरायचे, त्या ताऱ्यासारख्या पसरतात. त्यांना वर वळवले की त्या उभ्या कामट्या होतात, आणि आडवी कामटी एकीच्या पुढून, दुसरीच्या मागून फिरवत न्यायची. इथे एक अट आहे जी मला तीन टोपल्या बिघडल्यावर कळली: एकच आडवी कामटी फिरवायची असेल तर उभ्या कामट्या विषम हव्यात. सम असल्या तर दुसऱ्या फेरीत आडवी कामटी पुन्हा तिथल्या तिथेच पुढे आणि तिथल्या तिथेच मागे जाते. वीण बसतच नाही. काकूंनी हे मला सांगितले नव्हते. त्यांना ते सांगण्याजोगे वाटलेच नव्हते. त्या मोजत नाहीत, त्यांच्या हाताला कळते.

त्या दिवसांत मला जे काही मिळाले त्याला कोणते नाव द्यावे, ह्याचा मी बराच विचार केला आहे. ‘विरंगुळा’ म्हणावे तर त्यात वेळ घालवण्याची छटा आहे, आणि वेळ घालवण्याची अडचण नव्हतीच. वेळ अंगावर येत होता. ‘सांत्वन’ म्हणावे तर ते दुसऱ्या कुणी करावे लागते. ‘दिलासा’ हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा. पण आपल्या समीक्षेत हा शब्द येतो तो बहुधा संशयितासारखा. दिलासा देणारे साहित्य म्हणजे रंजनपर, वास्तवाकडे पाठ फिरवणारे, दुय्यम. श्रेष्ठ साहित्याने अस्वस्थ करावे, हे आम्ही इतक्या वेळा उत्तरपत्रिकांत वाचले आहे की त्यावर खूण करण्यापूर्वी वाक्य पूर्ण वाचण्याचीही गरज उरलेली नाही. मीही असेच शिकवले. आणि एप्रिल २०२० मध्ये, आधीच पुरेशी अस्वस्थ असताना, मला एकही अस्वस्थ करणारे पुस्तक हातात धरवेना. मला बूड धरता येईना ह्याची चिंता होती, आणि ती चिंता माझ्या मापाची होती.

कामटीवर माझी मनःस्थिती उमटत नव्हती, ही मला त्यातली सर्वांत मोठी सोय वाटते. कामटी माझ्या दुःखाची प्रतिमा होत नाही. ती वाळलेली असेल तर मोडते, भिजवलेली असेल तर वळते. आपल्या वाङ्मयात फडके आणि खांडेकर ह्यांच्या वादापासून एक प्रश्न चालत आलेला आहे, कला कलेसाठी की जीवनासाठी. त्याची उत्तरे लिहून पिढ्या उत्तीर्ण झाल्या. त्या वादात टोपली कुठेच नाही. ती कलेसाठी नाही आणि जीवनाला संदेशही देत नाही. तिच्यात मोहाची फुले ठेवतात. आम्ही संतकवींतले गोरोबा, सावतोबा, नरहरी सोनार शिकवतो. नरहरींनी आपल्या सोनारकामाच्याच शब्दांत देवाशी बोलणे केले, हे सांगतो, आणि लगेच ‘व्यवसायातील प्रतिमांचे आध्यात्मिकीकरण’ असे फळ्यावर लिहून त्या मुशीतला विस्तव विझवतो. सोनाराला ते काम करताना काय मिळत असेल, हा प्रश्न अभ्यासक्रमात नाही.

इथवर लिहून थांबले तर हे लिखाण लबाडीचे होईल. एके दिवशी माझी पहिली उभी राहू शकणारी टोपली काकूंना दाखवताना मी म्हणाले, ‘काकू, किती शांत वाटतं हे करताना.’ त्या हसल्या. म्हणाल्या, ‘तुमचं बरं आहे मॅडम. टोपली झाली काय, न झाली काय, पगार येतेच.’

ह्या वाक्यापुढे हस्तकलेच्या शांतीवर लिहिलेली निम्मी पाने गळून पडतात. ज्याला काम निवडता येते त्याला त्यात शांती सापडते. ज्याच्या जन्माला ते काम चिकटवले गेले त्याला आधी भाव सापडावा लागतो. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ (१९१५) वाचताना गावाच्या कारागिराची जागा जातीने किती पक्की केली होती हे दिसते, आणि गावगाड्याविषयीच्या स्मरणरंजनाची हौस फिटते. बांबूच्या बाबतीत तर कायदाही आडवा होता. १९२७ च्या वन कायद्याच्या व्याख्येत बांबू हे झाड होते; जंगलाबाहेर वाढलेला बांबू त्या व्याख्येतून वगळला गेला तो २०१७ साली. कारखान्याला ट्रकांनी बांबू जात होता त्या काळात बुरडाला चार बांबूंसाठी हेलपाटे घालावे लागत. काकूंचे निम्मे आयुष्य त्यात गेले. तेव्हा ‘केवळ कारागिरी’ ह्या शब्दप्रयोगात कलावंताने कारागिराकडे पाहण्याची जी नजर आहे, ती निव्वळ सौंदर्यशास्त्रीय नाही. ती कुठून आली हे आपल्याला चांगले ठाऊक आहे.

तरीही मला काकूंच्या त्या वाक्याने गोष्ट संपली असे वाटत नाही, कारण त्याच काकू दुसरे काही करत होत्या. त्या मोसमात टोपल्या न्यायला येणाऱ्यांपैकी अनेकांकडे पैसे नव्हते. काकू टोपली देत आणि ‘मंग देजो’ म्हणत. वही नव्हती. दिवाळीनंतर कुणी पायलीभर तांदूळ आणून टाकला, कुणी मोह, कुणी काहीच नाही. मी विचारले, हिशेब कसा ठेवता? त्यांना प्रश्न कळला नाही असे वाटले; आज वाटते की कळला होता.

त्याच महिन्यांत आम्हीही देत होतो. किराणा सामानाच्या पिशव्या वाटण्याचा कार्यक्रम एका संस्थेच्या वतीने झाला, मी त्यात होते. रांग, पिशवी, छायाचित्र. एका म्हाताऱ्याला पिशवी घेताना कॅमेऱ्याकडे पाहण्यास सांगितले गेले, तो चुकून दुसरीकडे पाहू लागला, तेव्हा पिशवी परत घेऊन पुन्हा दिली. त्या छायाचित्रात मी डावीकडून तिसरी आहे. तांदूळ गरजेचा होता, ह्यात शंका नाही, आणि वाटला नसता तर वाईट झाले असते. पण त्या दिवशी घरी येऊन मला जे वाटले तो दिलासा नव्हता.

बाबा आमटे ह्यांना दानाचा इतका तिटकारा का होता, हे मला पुस्तकातून कळले नव्हते ते तेव्हा कळले. आनंदवन आमच्या शेजारच्या, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याजवळ उभे राहू लागले. साधनाताई, दोन लहान मुले, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये, ही त्याची सुरुवात सर्वश्रुत आहे. ज्या हातांची बोटे झडली त्या हातांना भीक घालणारा समाज होताच; बाबांनी त्या हातांना विहीर, शेत, माग आणि सुतारकाम दिले. दानाने माणूस दुबळा होतो आणि श्रमाने उभा राहतो, ह्या त्यांच्या भूमिकेतले मर्म असे की घेणाऱ्याकडेही देण्याजोगे काही असले पाहिजे. आनंदवनातली सतरंजी विकत घेणारा माणूस उपकार करत नसतो, त्याला सतरंजी मिळते. साधनाताईंच्या ‘समिधा’त हा सगळा संसार स्वयंपाकघराच्या बाजूने दिसतो. बाबांच्या वक्तृत्वाची धग ज्यांना सोसवत नाही त्यांनी आधी ते वाचावे, असे मी विद्यार्थ्यांना सांगते.

दानाचा आणखी एक प्रकार आमच्याच जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) ह्या गोंड गावात झाला. वनहक्क कायद्याखाली २००९ साली त्या ग्रामसभेला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. आणि २०१३ साली गावकऱ्यांनी आपापली शेतजमीन ग्रामदान कायद्यान्वये ग्रामसभेच्या नावे केली. कुणी कुणाला दिले? सगळ्यांनी सगळ्यांना. मिलिंद बोकील यांच्या ‘गोष्ट मेंढा गावाची’ (२०१२) ह्या पुस्तकात ग्रामदानापर्यंतची वाटचाल आहे. त्यात देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ह्यांच्या सहवासाचा भाग मला कायद्याच्या भागाहून महत्त्वाचा वाटतो. एक गावातला, एक बाहेरून आलेला. वर्षानुवर्षे अभ्यासगटात समोरासमोर बसून बोलत राहिलेले. ह्या देवघेवीत कोण दाता होता हे सांगता येत नाही. बहुधा म्हणूनच ती टिकली.

साहित्याच्या अंगणात ह्या तिन्ही गोष्टी, म्हणजे हाताचे काम, देणे आणि जुने मैत्र, एकाच माणसापाशी पाहायच्या तर मला अनिल अवचट आठवतात. ‘पूर्णिया’पासून (१९६९) त्यांनी दुष्काळ, हमाल, विडी कामगार, व्यसनी माणसे ह्यांवर लिहिले. ‘गर्द’ची लेखमाला वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे ह्यांनी देणगी दिली आणि १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचट ह्यांच्या पुढाकाराने ‘मुक्तांगण’ उभे राहिले. १९९७ मध्ये अनिताताई कर्करोगाने गेल्या. अवचट लिहीत राहिले, लाकूड कोरत राहिले, बासरी वाजवत राहिले, कागदाच्या घड्या घालत राहिले. खिशात कागद असत, समोर मूल दिसले की एक पक्षी घडे आणि मुलाच्या हाती जाई. २७ जानेवारी २०२२ रोजी ते गेले तेव्हा समाजमाध्यमांवर कितीतरी जणांनी आपल्याजवळच्या त्या कागदी वस्तूंची छायाचित्रे टाकली होती.

समीक्षेने अवचटांचे काय केले? ‘रिपोर्ताज’ हा कप्पा दिला आणि पुढे गेली. ‘छंदांविषयी’सारखे पुस्तक तर आम्ही फावल्या वेळचे लेखन म्हणून बाजूला ठेवले. मला आज ते त्यांच्या सामाजिक लेखनाची किल्ली वाटते. लाकडाचा रेषा कोणत्या दिशेने जातो हे पाहिल्याशिवाय पटाशी लावायची नाही, हीच शिस्त ते हमालाविषयी लिहिताना पाळतात: आधी पाहणे, मग हात लावणे, आणि स्वतःला मध्ये फार न आणणे. जो माणूस दिवसभर व्यसनमुक्ती केंद्रातली दुःखे ऐकतो त्याच्या हातातला कागदी पक्षी पलायन नव्हे. त्याच्यामुळे तो उद्या परत तिथे जाऊन बसू शकतो. ह्या बाबतीत माझे मत आता ठाम आहे, आणि सहकाऱ्यांना ते भाबडे वाटते हेही मला माहीत आहे.

आता मैत्रिणीकडे येते. एप्रिल २०२१ च्या शेवटी आमच्या एम. ए.च्या तुकडीच्या व्हॉट्सॲप गटावर बातमी आली. तिचे यजमान दुसऱ्या लाटेत गेले. त्याखाली हात जोडल्याची एकोणीस चिन्हे होती. विसावे माझे असावे असे मला वाटेना. जाणे शक्य नव्हते, फोन करण्याचे धैर्य नव्हते. पत्र लिहायला बसले. चार वेळा लिहिले आणि चार वेळा फाडले, कारण प्रत्येक मसुद्यात तिसऱ्या परिच्छेदापर्यंत मी स्वतःविषयी बोलू लागले होते, माझी चूक, माझा पश्चात्ताप. तिच्यावर त्या दिवसांत माझी समजूत काढण्याचे काम टाकणे मला शोभले नसते.

मग जून महिन्यात टपाल सुरळीत झाल्यावर मी विणलेल्या टोपल्यांपैकी त्यातल्या त्यात बरी एक टोपली पाठवली. आत एक चिठ्ठी: ‘मी केली आहे. चांगली झालेली नाही.’ बाकी काही सुचले नाही.

ऑगस्टमध्ये तिचा फोन आला. नऊ वर्षांनी तो आवाज ऐकला. तिने नमस्कार-चमत्कार केले नाहीत. म्हणाली, ‘टोपली डुगडुगते गं तुझी. लसूण ठेवलाय तिच्यात, पण ओट्यावर उभी राहत नाही.’ मग तिने विचारले की काठ असा का बांधला, कामट्या किती घेतल्या, हिरवा रंग जाऊन पिवळा का आला. मी सांगत गेले. तिने यजमानांच्या शेवटच्या दिवसांबद्दल थोडे सांगितले, ते मी इथे लिहिणार नाही. शेवटी मीच म्हणाले, ‘तुझ्या संग्रहाबद्दल मी जे लिहिलं होतं…’ ती म्हणाली, ‘ते राहू दे आता. बूड सपाट कसं करायचं ते विचार तुझ्या काकूंना.’

विचारले. काकू म्हणाल्या, बूड ओले करा, पालथे घाला आणि रात्रभर वर पाटा ठेवा. तिच्याकडे पाटा नव्हता. तिने मिक्सर ठेवला.